पिंपात भरलेली पद्मिनी

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमच्याकडे वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी (जुनी फियाट) आहे. वडील गेल्यावर ती शेडमध्ये उभीच होती. लॉकडाउनमध्ये हाताला काम नव्हतं, म्हणून मी आणि शेजारचा एक मुलगा व्हिडिओ बघत बघत ती खोलायला लागलो. पूर्ण रिस्टोर करायची असं ठरलं होतं. दारं, बंपर, सीट, वायरिंग, रेडिएटर, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनामो, स्टार्टर, पेट्रोलची टाकी, सगळं उतरवलं. इंजिन आणि गिअरबॉक्स तेवढे जागेवर आहेत. शेजारचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि काम थांबलं ते थांबलंच. सामान तीन पिंपांत आणि काही खोक्यांत आहे. मागच्या पावसाळ्यात शेडचा पत्रा उडाला, गाडीवर पाणी पडलं. आता इंजिन हाताने फिरत नाही. एक गॅरेजवाले म्हणतात, आधी डेंटिंग-पेंटिंग करून घ्या, इंजिनचं नंतर बघू. दुसरे म्हणतात, मारुती ८०० चं इंजिन टाका, कटकट संपेल. बायको म्हणते, भंगारवाल्याला बोलवा. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, त्याला हौस आहे. आरसी अजून वडिलांच्याच नावावर आहे. सुरुवात कुठून करू?

— फियाटवाला, कराड

उत्तर

फियाटवाले, नमस्कार.

तुम्हाला मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी त्यातल्या त्यात व्यवहारी सल्ला वहिनींचा आहे. पण तो मानायचा की नाही हे आज ठरवता येणार नाही, कारण गाडीत जीव आहे की नाही हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. ते आधी पाहायचं. गाडी स्वतःच्या इंजिनवर सुरू होऊन स्वतःच्या ब्रेकवर थांबेपर्यंत रंग, सीट कव्हर, बंपरचं क्रोम यातलं काहीही डोक्यात आणायचं नाही.

डेंटिंग-पेंटिंग आधी करा म्हणणाऱ्याचा तो धंदा आहे, त्याला दोष देत नाही. पण पैशाचा मोठा घास रंगालाच जातो. तो गेल्यावर इंजिनसाठी हात आखडतो आणि गाडी चकचकीत होऊन शेडमध्येच राहते. वर, नव्या रंगाच्या मडगार्डवर वाकून जॅम इंजिनशी कुस्ती खेळायची म्हणजे पट्ट्याच्या बकलाचा पहिला ओरखडा ठरलेला. जुन्या गाड्यांची जी अर्धवट कामं विकायला निघतात, त्यांत रंगवलेली पण बंद अशी गाडी नेहमी दिसते. रंगाच्या आधी चालू झालेली गाडी सहसा कुणी अर्ध्यात सोडत नाही.

मारुतीचं इंजिन टाकू नका. ते बसतं, बसवलेलंही आहे लोकांनी. पण इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. शिवाय तुमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी, लांब शाफ्टची, आणि मारुतीचं इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारं. गिअरबॉक्सशी जोडणी, माउंटिंग, रेडिएटर, सगळं नव्याने करायचं. कटकट संपत नाही, फक्त नवी मिळते.

एक काम पाना हातात घेण्याआधी करा, आणि ते कागदाचं आहे. १९८४ ची गाडी म्हणजे एमएच-११, एमएच-५० हे नंबर येण्याआधीच्या मालिकेतली. अशा अनेक गाड्यांच्या नोंदी अजून रजिस्टरातच आहेत, सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसत नाहीत. आधी ऑनलाइन नंबर टाकून बघा. नसेल तर मूळ नोंदणी ज्या कार्यालयात झाली तिथे (तुमच्या बाबतीत बहुधा सातारा) जाऊन बॅकलॉग नोंद (रजिस्टरातली जुनी नोंद संगणकावर चढवणं) करून घ्यावी लागेल. मालक वारल्यावर नाव बदलायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं लागतात. बहीण-भाऊ असतील तर त्यांची संमती आत्ताच, गाडी भंगार दिसते आहे तोवर घ्या. चालू झाली की प्रत्येकाला तिच्यात बाबा दिसायला लागतात. नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, दर वेळी ५ वर्षांसाठी. वीस वर्षांवरच्या मोटारींचं हे शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं, पर्यावरण कर वेगळा. व्हिंटेजची वेगळी नोंदणी तुम्हाला आज मिळणार नाही, त्याला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

आणि चेसिस नंबर शोधा. तो आरसीशी जुळतो का, वाचता येतो का, हे बघा. गंज असेल तर डिझेलच्या फडक्याने हलकेच पुसा. तिथे वायर ब्रश, ग्राइंडर, पुट्टी काही चालवायचं नाही. पेंटरलाही ती जागा टेप लावूनच दाखवायची, पुढे आरटीओत त्याच नंबरची पेन्सिलने छाप घेतात. नंबर गेलेला असेल किंवा नोंदणी रद्द झालेली निघाली, तर पुढचं उत्तर वाचायचं कारण नाही. सुटे भाग हवे असणारा एखादा फियाटप्रेमी शोधा आणि वहिनींचं ऐका.

कागद ठीक आहेत असं धरून पुढे जातो.

पिंपं उलटी करून सगळं सामान अंगणात मांडू नका. ते बघूनच माणसाचं अवसान जातं. इंजिन सुरू व्हायला त्यातलं फार थोडं लागतं: डिस्ट्रिब्युटर, कॉइल, प्लग आणि त्यांच्या वायरी, कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप, स्टार्टर, डायनामो, फॅन बेल्ट, रेडिएटर आणि त्याचे दोन होज, एक्झॉस्टचा निदान पुढचा पाइप. एवढं एका टेबलावर काढा. बाकी सगळं परत पिंपात, झाकण लावून, भिंतीकडे. डायनामो कशाला, पहिल्या स्टार्टला चार्जिंग थोडंच हवंय, असं तुमचा मुलगा विचारेल. पण या इंजिनात पाण्याचा पंप ज्या बेल्टवर फिरतो, तो बेल्ट डायनामो मागे ढकलूनच ताणला जातो. डायनामो नाही तर ताण नाही, ताण नाही तर पाणी फिरत नाही.

नट-बोल्ट एका डब्यात एकत्र केलेत ना? पत्रात लिहिलं नाहीत, पण सगळे तेच करतात. फियाट मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या मापाची आहे, अँबेसेडरसारखी इंची नाही, म्हणून ८, १०, १३, १७, १९ च्या पान्यांत बहुतेक काम होतं. मुलाला एक संध्याकाळ बसवून पाना-नंबरप्रमाणे आणि लांबीप्रमाणे वेगळे करायला लावा. डिप्लोमात हे शिकवत नाहीत.

आता जॅम इंजिन. ते खरंच जॅम आहे का, हे आधी बघा. पद्मिनीला गिअर स्टिअरिंगखाली, तुम्ही ती लिंकेज (गिअरच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी) उतरवली असणार. मग गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये आहे की कुठल्या गिअरमध्ये, हे तुम्हाला कसं कळलं? तो गिअरमध्ये असेल आणि मागच्या ड्रममध्ये ब्रेकशू गंजून चिकटले असतील, तर इंजिन कितीही चांगलं असलं तरी फिरणार नाही, कारण तुम्ही अख्खी गाडी ढकलताय. मागची चाकं उचला, गाडी पक्क्या स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर नाहीच, वीट फुटते), गिअरबॉक्सच्या बाजूचा लिव्हर हलवून न्यूट्रल शोधा आणि मग बघा. अशी जॅम इंजिनं कधी कधी दहा मिनिटांत सुटतात.

तरीही फिरलं नाही, तर पाणी कुठून गेलं असेल ते बघू. तुम्ही कार्ब्युरेटर काढलात. त्या भोकावर काही लावलं होतं का? नसेल तर पावसाचं पाणी मॅनिफोल्डमधून (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणारी वाट), ज्या सिलिंडरचा इनलेट व्हाल्व्ह त्या वेळी उघडा होता, थेट त्याच सिलिंडरमध्ये गेलं. बाकीचे कोरडे असू शकतात. टॉर्च लावून भोकात बघा. उंदराचं घर, पालापाचोळा, काहीही निघतं. जे असेल ते चिमट्याने बाहेर काढा, आत ढकलू नका.

मग ऑइलचा ड्रेन बोल्ट सैल करा आणि पहिल्यांदा काय येतं ते एका पांढऱ्या भांड्यात धरा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून आधी पाणीच येतं. नुसतं काळं ऑइल आलं तर बरं. चहासारखा दुधाळ रंग आला तर पाणी मिसळलंय. कपभर स्वच्छ पाणी आलं, तर वरून गळून खाली साठलंय. पेट्रोलचा वास आला तर पंपाचा डायाफ्राम बहुधा फाटलेला आहे, गाडी उभी करायच्या आधीपासून.

प्लग काढताना घाई नको. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. वर्षानुवर्षं बसलेला लोखंडी प्लग ॲल्युमिनियममधून ओढून काढला की आटे घेऊन येतो. मुळाशी रस्ट-ऑफ (गंज सैल करणारा स्प्रे) मारा, रात्रभर ठेवा, पाव फेरा सैल, परत थोडा आवळा, परत सैल. चारही निघाले की पाणी असेल त्या भोकातून सिरिंजने ओढून घ्या. मग अर्धं डिझेल, अर्धं इंजिन ऑइल असं मिश्रण प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे सोडा आणि गाडीला विसरा. चार दिवस, आठवडा. रोज थोडं आणखी सोडा. इथे उतावळेपणा करून स्टार्टर मारणारे किंवा गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढणारे लोक कनेक्टिंग रॉड वाकवून बसतात. मग खर्च दहापट.

आठवड्याने पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावा. पान्याला पाइप जोडून लांब दांडा करायचा मोह होईल, करू नका. आवळायच्या दिशेने थोडं, परत थोडं उलटं. केसभर हलला तरी जिंकलात. तो केसभर हळूहळू बोटभर होतो, आणि एका दिवशी पूर्ण फेरा पडतो.

तो फेरा पडायच्या आधी टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) उघडा, हे महत्त्वाचं. मुलाला वर नजर ठेवून उभा करा आणि तुम्ही खालून फिरवा. आठही रॉकर (व्हाल्व्ह दाबणारे आडवे दांडे) खाली-वर झाले पाहिजेत. एखादा व्हाल्व्ह गाइडमध्ये गंजून उघडाच अडकलेला असेल, तर रॉकर सैल लोंबेल, नाहीतर पुशरॉड वाकेल. अडकलेल्या व्हाल्व्हच्या दांड्यावर रस्ट-ऑफ सोडा, पितळी ड्रिफ्टने वरून हलके टोले, आणि तो स्प्रिंगने स्वतः वर येतो का बघा. नाही आला तर हेड उतरवावं लागेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कराडहून कोल्हापूर जवळ आहे, उद्यमनगरात हेडचं फेसिंग, व्हाल्व्ह सीट, गाइड, ब्लॉकचं बोअरिंग, सगळं करणारी माणसं आहेत. पण गरज पडली तरच. आलोच आहोत तर सगळंच खोलू, हे वाक्य तुमच्या शेडमध्ये यापुढे कुणी उच्चारू नये.

इंजिन मोकळं फिरलं की कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते बघा. त्यासाठी स्टार्टर बसवावा लागेल, आणि स्टार्टरसाठी वायरिंग. अख्खं हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा) घालत बसू नका. प्लायवूडच्या तुकड्यावर एक स्विच, एक फ्यूज, एक पुश बटण, ऑइल प्रेशरचा एक बल्ब. बॅटरीतून फ्यूजमार्गे स्विचला, स्विचमधून कॉइलला. पुश बटणातून स्टार्टरच्या सोलेनॉइडला. बॅटरीची जाड वायर सरळ स्टार्टरला. झालं. आणि अर्थ, म्हणजे अर्थिंग. खोललेल्या गाडीत अर्थची पट्टी हमखास विसरते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन ते बॉडी अशी जाड पट्टी लागतेच, तीही रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. ती नसेल तर स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो, बऱ्याचदा ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या तारेतून, आणि ती तार लाल होते.

ताजं २०डब्ल्यू-५० ऑइल भरा, फिल्टर बदला, प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर थोडा थोडा मारत राहा. प्रेशरचा बल्ब विझला म्हणजे ऑइल वर पोचलं. मग कम्प्रेशन गेज कुणाकडून मागून आणा आणि चारही सिलिंडरचं रीडिंग घ्या, ॲक्सिलरेटरची फ्लॅप पूर्ण उघडी ठेवून. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे जवळजवळ आहेत का, हे पाहायचं. एखादा फार खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हाल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सारखेच पडले असतील, तर गॅस्केटच.

ठिणगीचं काम मुलाला द्या, त्याला मजा येईल. डिस्ट्रिब्युटर एकदा बाहेर आला की परत घालताना बहुतेकांचा अर्ध्या फेऱ्याचा घोळ होतो. पुलीवरची खूण जुळली म्हणजे एक नंबरचा पिस्टन वर आला एवढंच कळतं. तो कम्प्रेशनला वर आला की एक्झॉस्टला, ते कळत नाही. एक नंबर म्हणजे रेडिएटरकडचा. त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबा आणि कुणाला तरी इंजिन फिरवायला सांगा. अंगठा ढकलून हवा फस्स करून निघाली की तो कम्प्रेशनचा फेरा. तिथे खूण जुळवा, रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा तुकडा) एक नंबरच्या वायरकडे तोंड करून बसवा, आणि वायरी रोटर फिरतो त्या दिशेने १-३-४-२ लावा. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघड-बंद होणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने साफ करून त्यावरून कोरा कागद ओढा. घासल्याचा चुरा तिथे राहिला तर ठिणगी पडत नाही आणि माणूस दिवसभर कॉइलला शिव्या देतो. कंडेन्सर नवा टाका, आणि एक जास्तीचा डिकीत. नवा कंडेन्सर चांगलाच असेल असं नाही, हल्लीचा माल काही विचारू नका. टायमिंगला टेस्ट लॅम्प पुरतो: एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरं अर्थला. स्विच चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर फिरवा. पॉइंट उघडतात त्या क्षणी दिवा लागतो.

प्लग परत लावताना सुरुवातीचे आटे पान्याने नाही, हाताने. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा अडकवा आणि नळीने फिरवा. प्लग तिरका जात असेल तर नळी घसरते, आटे वाचतात.

पेट्रोलच्या टाकीला हात लावू नका. म्हणजे वापरायचीही नाही आणि दुरुस्तही करायची नाही, निदान आत्ता. वर्षानुवर्षं बंद टाकीत गंजाचा चिखल असतो, तो पंपात आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकांत) येतो. आणि टाकीला भोक आहे म्हणून कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेऊन लगेच टाका मारून आणू, हा विचार डोक्यातूनच काढा. वास न येणारी, रिकामी, कोरडी दिसणारी पेट्रोलची टाकी वेल्डिंगच्या ठिणगीने फुटते आणि माणसं मरतात. ते काम रेडिएटर-टाकीवाल्यांचं, ते ती धुऊन, वाफ देऊन मगच हात लावतात.

पहिल्या स्टार्टला लिटरभर पेट्रोलचा झाकणाचा कॅन, तोंडाला नळी, तिथून पंपात. नळी नवी घ्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना लावतात ती. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते तुमच्या गाडीच्या काळातलं रबर फुगवतं, मऊ करतं. पंपाचा डायाफ्राम, कार्ब्युरेटरच्या किटमधली रबरं, सगळं याच कारणासाठी नवं टाका, जुनं बरं दिसलं तरी. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून यापुढे गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवायची नाही.

सोलेक्स कार्ब्युरेटर गरीब प्राणी आहे. उघडा, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय का कानाशी हलवून बघा, सुईचा व्हाल्व्ह बदला, जेट काढून क्लीनर मारा आणि हवा मारा. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची काळा धूर सोडते.

आता चालू करायची. शेडबाहेर किंवा दोन्ही दारं उघडून, बाजूला आग विझवायचा सिलिंडर आणि वाळूची बादली. एअर क्लीनर नसेल तर तोंड कार्ब्युरेटरवर नेऊन बघायचं नाही, बॅकफायर झाला तर भुवया जातात. रेडिएटरमध्ये कूलंट घाला. ॲल्युमिनियमच्या हेडला नुसतं नळाचं पाणी खातं. चोक ओढा, बटण दाबा. पकडली तर प्रेशरचा बल्ब बघा. काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. धूर भरपूर येईल, निळा-पांढरा, तुम्हीच ओतलेलं डिझेल आणि ऑइल जळतंय. पाच-सात मिनिटांत तो कमी व्हायला हवा. पांढरा धूर तसाच राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर गॅस्केट गेलंय. वरचा होज हाताला गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पंधरा मिनिटं चालवा, बंद करा, गरम असतानाच ऑइल काढून टाका. ते कसं दिसतं बघा, इंजिनने आतून काय सांगितलं ते त्यात आहे.

चालू झाली की तुम्ही ती शेडमधून बाहेर काढायला बघाल, आणि मुलगा तर नक्कीच. ब्रेक होईपर्यंत नाही. चारही चाकांचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, चाकांकडचे रबरी होज. ब्रेकचं रबर बाहेरून धड दिसतं आणि आतून फुगून नळी बंद करतं, म्हणून होज सरसकट नवे. किट टाकण्याआधी सिलिंडरच्या आतून बोट फिरवा. खड्डे लागले तर किट टाकून उपयोग नाही, पूर्ण सिलिंडर घ्या. ब्रेक ऑइल डॉट ३, बंद डब्यातलं. हँडब्रेकची केबलही सुटी करून घ्या.

पत्र्याबद्दल एकच सांगतो, कारण ते आत्ताच कळायला हवं. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडी हीच चेसिस. फूटबोर्ड आणि खालचा पत्रा कुजला असेल तर तो बदलावा लागेलच. पण दारं पिंपांशेजारी टेकवलेली असताना कुणी खालचा पत्रा कापला, तर बॉडी मधोमध बसते, आणि नंतर कितीही ठोका, दारं लागत नाहीत. आधी दारं बिजागरीवर चढवायची, फटी सारख्या करायच्या, बंद करायची, मग एकेक बाजू कापायची. डेंटरला हे तुम्ही सांगायचं. तो ऐकत नसेल तर दुसरा बघा.

सामान मिळतं, पण किती दिवस, हा प्रश्न आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनायची थांबली त्याला पंचवीसेक वर्षं झाली. तरीही भाग मिळत राहिले ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईकच गेलं म्हटल्यावर दुकानदार नवा माल कशाला ठेवेल? म्हणून पहिली खरेदी रबराची आणि झिजणाऱ्या वस्तूंची: ब्रेक किट, पंपाचा डायाफ्राम, वॉटर पंपाचं किट, गॅस्केटचा संच, पॉइंट. पुण्यात नाना पेठ आधी पालथी घाला, मग रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार. मुंबईत कुर्ला. बंपर, आरसे, बिल्ले मिळत राहतील, ते हौशी लोक जपून ठेवतात. आणि टॅक्सीतून निघालेलं हेड स्वस्तात मिळालं तर व्हाल्व्हच्या सीट नीट बघा. त्यांतल्या बऱ्याच गाड्या सीएनजीवर चाललेल्या, आणि कोरड्या गॅसने सीट आत बसतात.

वहिनींशी बोलताना रिस्टोरेशन हा शब्द वापरू नका. त्यांना एक तारीख द्या आणि एक रक्कम, फक्त इंजिन आणि ब्रेकपुरती, रंग सोडून. त्या तारखेला गाडी अंगणातून रस्त्यापर्यंत जाऊन परत आली नाही, तर भंगारवाल्याला तुम्ही स्वतः फोन कराल, असं सांगा आणि पाळा. पाच वर्षं त्यांनी ती पिंपं सांभाळली आहेत, एवढं त्यांचं येणं आहे.

पुढच्या पत्रात रंगाचा विषय नको. ड्रेन बोल्टमधून आधी काय आलं ते लिहा, आणि चार सिलिंडरचे चार आकडे, रेडिएटरकडून मोजत.